त्रिनिदादमध्ये घरोघरी काय जेवतात? आणि ते 'आपलं' म्हणायचं का?

शेवंती
नमस्कार मंडळी. नवऱ्याला कामानिमित्त आठ महिने त्रिनिदादला राहायचं आहे, आणि पुढच्या महिन्यात मीही तिकडे जाते आहे. काम पॉइंट लिसासच्या प्रकल्पांच्या पट्ट्यात, घर बहुधा शग्वानासला मिळेल. कॅरिबियन म्हटलं की मला आजवर क्रिकेट आणि समुद्र एवढंच आठवायचं. गेले आठ दिवस तिथल्या जेवणाबद्दल मिळेल ते वाचते आहे आणि चक्रावून गेले आहे. रोटी, चोखा, भाजी, तवा, बेलना... अर्धे शब्द ओळखीचे. उरलेले कॅलालू, पेलाव, पास्तेल कुठून आले ते कळत नाही.

दोन प्रश्न आहेत. मी शाकाहारी आहे (अंडं चालतं), तर बाहेर खाताना कसं निभवायचं? आणि खरा प्रश्न दुसरा: तिथलं पारंपरिक जेवण म्हणजे मुळात भारतीय जेवणच का, जुन्या वळणाचं राहिलेलं? माझी तरी तशी समजूत झाली आहे. कुणी राहून आलं असेल तर हात राखून लिहू नका.

तिखटजाळ
"स्लाइट पेपर" हे दोन शब्द आजच पाठ करा. डबल्सवाला (दोन मऊ पुऱ्यांत मसाला चणे विकणारा गाडीवाला) प्रत्येकाला विचारतो, तिखट किती? "स्लाइट" म्हणजे किंचित. मोरुगा हे त्रिनिदादच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. तिथली विंचवाच्या नांगीसारखी शेपटी असलेली मिरची २०१२ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या चाचणीत जगातली सर्वांत तिखट ठरली होती. लवंगी मिरची तिच्यापुढे ढोबळी वाटेल.

बंडू_चाळकरी
पाट टाकून बसलो आहे. वाढा.

दर्यावर्दी
शेवंतीताई, मी सान फर्नांडोला साडेचार वर्षं होतो. जमेल तेवढं लिहितो.

आधी माणसं, मग जेवण. हे बेट १७९७ पर्यंत स्पेनचं, मग इंग्रजांचं. मधल्या काळात फ्रेंच मळेवाले आले, त्यांच्याबरोबर पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम आले. १८३० च्या दशकात गुलामी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून तिथे लागलं. तिथून १९१७ पर्यंत दीड लाखाच्या आतबाहेर माणसं करारावर गेली. बहुतेक भोजपूर-अवध भागातली, काही मद्रासकडची. ३० मे ला तिथे आजही सुट्टी असते. शिवाय चिनी आले, मदेरा बेटावरचे पोर्तुगीज आले, आणि व्हेनेझुएला तर समोरच आहे, स्वच्छ हवेत किनारा दिसतो. आज भारतीय वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे लोक साधारण एकतृतीयांश-एकतृतीयांश, बाकी मिश्र.

आता रविवारची दुपार घ्या. आमचे घरमालक आफ्रिकी वंशाचे. त्यांच्याकडे रविवारी ठरलेलं ताट: भात, कॅलालू (अळूच्या पानांचं घोटलेलं कालवण), मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), लाल घेवड्याची उसळ, पिकलेल्या मोठ्या केळ्याचे तळलेले काप, बटाट्याचं सॅलड आणि साखर जाळून रंगवलेली कोंबडी. साखर जाळणं ही तिथली मोठी हातोटी आहे. तेलात साखर टाकायची, ती फसफसून काळपट तपकिरी झाली की त्याच क्षणी मसाला लावून ठेवलेले तुकडे आत. एक श्वास उशीर झाला की सगळं कडू. मालकीणबाई त्या वेळी कुणाशी बोलायच्या नाहीत.

आमच्या शेजारी राहणारं कुटुंब हिंदू. त्यांच्याकडे रोज सकाळी साधी रोटी आणि वांग्याचा किंवा टोमॅटोचा चोखा. रविवारी त्यांच्याकडे कढीपकोडी असायची, पण त्याच टेबलावर मॅकरोनी पायसुद्धा. आणि घरमालकांच्या नातीच्या वाढदिवसाला डाळपुरी आणि चण्याची करी. म्हणून "भारतीयच जेवण का?" याला माझं उत्तर "नाही" असं आहे. ते त्रिनिदादचं जेवण आहे. त्यातलं कुठलं कुणी आणलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण खाताना कुणी वाटण्या करत नाही.

हरिहर_पेठ
दर्यावर्दी, लेख छान, पण शेवटचं पटलं नाही. चोखा बिहारचा, डाळपुरी बिहारची, कढी उत्तर प्रदेशची. नाव बदललं नाही, पदार्थ बदलला नाही, मग ते भारतीय नाही कसं? आपलं ते आपलं म्हणायला संकोच कसला?

क्वीन्सकर
हरिहर, पदार्थ बदलला आहे. मी न्यूयॉर्कला रिचमंड हिलजवळ राहतो. इथल्या लिबर्टी अॅव्हेन्यूवर त्रिनिदाद आणि गयानाच्या लोकांची दुकानं ओळीने आहेत, दर शनिवारी जाणं होतं. डाळपुरीपुरतं सांगतो.

तिथली डाळपुरी पिवळ्या सुक्या वाटाण्याच्या डाळीची. डाळ बोटचेपी शिजवायची, पूर्ण मऊ नाही. लसूण, भाजलेलं जिरं, मिरची घालून कोरडी वाटायची. मैद्याच्या सैल गोळ्यात भरायची आणि दोन फूट व्यासाच्या तव्यावर लाटून टाकायची. आपली पुरणपोळी करणाऱ्या कुणालाही हे हात ओळखीचे वाटतील: तोच उंडा, तीच कड बंद करण्याची पद्धत, तीच पुरण फुटण्याची धास्ती. पण पोळी होते जवळपास रुमालाएवढी. मग त्यात बटाटा-चण्याची किंवा मटणाची करी ठेवून पाकिटासारखी चौकोनी घडी घालतात आणि कागदात गुंडाळून हातात देतात. भोजपूरची डाळपुरी ताटात बसून खायची. ही मळ्यावर, बोटीवर, ऑफिसात न्यायची. लग्नातल्या पुरीचा डबा झाला, हा बदल लहान नाही.

दुसरी रोटी 'बस अप शट'. इंग्रजीतल्या 'फाटका शर्ट'चा तिथला उच्चार. पराठाच आहे, पण तव्यावर शिजत आला की बाई दोन लाकडी उलथणी घेतात, त्यांना डाबला म्हणतात, आणि पराठ्याला चारी बाजूंनी ठोकत-उचलत राहतात. तूप लावलेले पापुद्रे सुटतात, हवा जाते, आणि शेवटी तव्यावर चुरगाळलेल्या धुवट कापडाचा ढीग दिसतो. वाफेचा भपका येतो त्यात तूप आणि करपट पिठाचा वास असतो. मी दर वेळी काउंटरपाशी उभा राहून तेच बघतो. दुकानातल्या बाईंनी एकदा विचारलं, "तुमच्या घरी असं करत नाहीत?" म्हटलं, आमच्या घरी पराठा फाटला तर आई ओरडते.

रसिका_क
मेले! फाटका शर्ट! तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं).

पाटावरवंटा
मला शब्दांचा नाद आहे म्हणून. त्रिनिदादच्या जुन्या स्वयंपाकघरात सिल-लोढा, म्हणजे आपला पाटा-वरवंटा. पीठ मळायचं, लाटायचं ते चौकी-बेलना. चूल ती चुल्हा, ती फुंकायची ती फुकनी. आमटी घोटायची रवी ती डाळघोटनी. फोडणी देणं याला तिथे इंग्रजी बोलतानासुद्धा 'चुंके' म्हणतात, छौंकचं रूप. आणि हे शब्द फक्त भारतीय वंशाच्या घरात राहिलेले नाहीत. 'गीरा पोर्क' ही तिथल्या बारमधली लाडकी चीज. गीरा म्हणजे जिरं. डुकराच्या मांसाला भोजपुरीतलं जिरं लागून त्याचं असं नाव पडतं, हे त्या बेटावरच व्हायचं.

चवळीच्या लांब शेंगा 'बोडी', दोडका 'झिंगी', कारलं 'करैली', वाल 'सेम'. शेवंतीताई, बाजारात तुमचं काही अडणार नाही.

हरिहर_पेठ
बघा, पाटावरवंटांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. :)

दर्यावर्दी
शब्द राहिले हे खरं. पण आता मसाला बघा. तिथल्या करीत कांदा-टोमॅटोचं वाटण नाही, गरम मसाल्याचा जोर नाही. हळद, धणे, मेथी, जिरं अशी पिवळीजर्द पूड पाण्यात कालवून गरम तेलात सोडतात. ती आटून रवाळ होते, तेल सुटतं, मग भाजी किंवा मांस. आणि त्याआधी सगळ्याला 'ग्रीन सीझनिंग' चोळलेलं असतं: पातीचा कांदा, लसूण, थाइम, न तिखट लागणारी सुवासिक मिरची आणि शाडो बेनी. शाडो बेनी म्हणजे लांब करवती पानांची, कोथिंबिरीच्या वासाची वनस्पती, मूळ अमेरिकेतली. आपल्याकडे ईशान्येत सर्रास वापरतात. त्रिनिदादचे भारतीय तिला 'बनधनिया' म्हणतात. कोथिंबीर मागे राहिली, रानात तिच्यासारखं काही दिसलं, त्याला नाव दिलं. मला त्या एका शब्दात पूर्ण गोष्ट दिसते. तिथे पोचलेल्या कुणा बाईने पान चुरून वास घेतला असेल.

चव बिहारची लागत नाही हो हरिहर. मी दोन्हीकडे जेवलो आहे. थाइम आणि बनधनिया मिळून वेगळंच काही होतं.

आगरातला_फणस
आमच्या कोकणी माणसाला कॅलालू कळेल का ते सांगा. फोटोत मला अळूचं फदफदं दिसलं.

दर्यावर्दी
फदफद्याच्या चुलत घरातलं म्हणा. पान अळूचंच, तिथे 'दशीन' म्हणतात. कोवळी पानं, भेंडी, लाल भोपळा, नारळाचं दूध, बनधनिया, एक अख्खी मिरची वर तरंगत ठेवलेली (फुटू द्यायची नाही, फक्त वास), आणि बहुतेकदा खेकडा. सगळं शिजलं की लाकडी घुसळणीने घोटतात. ही आफ्रिकेतून आलेल्या लोकांची पद्धत. गडद हिरवं, भेंडीमुळे किंचित बुळबुळीत. मक्याच्या पिठाच्या आणि भेंडीच्या 'कूकू'बरोबर खातात.

आणि त्याच अळूची भारतीय घरातली दोन रूपं. एक साधी भाजी, लसूण घालून, कधी नारळाच्या दुधात, तिला नुसतं 'भाजी' म्हणतात. दुसरं साहिना. वाटलेली डाळ, हळद, लसूण यांचं सारण पानांना लावून, थरावर थर ठेवून, गुंडाळी करून, कापून तळायचं.

आगरातला_फणस
अळूवडी!!! अहो अळूवडीच ती!

दर्यावर्दी
होय. हल्ली बरेच विक्रेते पानं चिरून सरळ भज्यांसारखी तळतात, पण डेबेला गेलात तर गुंडाळीचीही मिळते. डेबे हे दक्षिणेतलं गाव अशा तळणासाठी प्रसिद्ध आहे: साहिना, फुलौरी, बैगनी, कचोरी, आलू पाय. सोबत चिंचेची किंवा कैरीची चटणी.

आगरातला_फणस
आता राहवत नाही. नीरफणस आहे का तिथे? आणि फणस?

अन्नपूर्णा_स
याचं उत्तर मी देते, माझी बहीण टोरोंटोला आहे आणि तिची जाऊ त्रिनिदादची. नीरफणस तर कॅरिबियनभर. इंग्रज नौदलाच्या कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं आणली, १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला उतरवली. मळ्यावरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून. आज तोच नीरफणस नारळाच्या दुधात, खारवलेल्या मांसाबरोबर, दूध आटून तेल सुटेपर्यंत शिजवतात, त्याला 'ऑइल डाउन' म्हणतात. आपण कापं करतो तशी तळतातही.

आणि फणसाची आठवण येईल अशी भाजी म्हणजे शॅटेन. नीरफणसाचंच बियांचं भावंड. लग्नात तिची नारळाच्या दुधातली करी असतेच, भारतीय लोक तिला 'कटहर' म्हणतात. आतल्या बिया आठळ्यांसारख्याच पिठूळ. जाऊबाईंनी मला टोरोंटोत डबाबंद आणून खाऊ घातली. पहिल्या घासाला मी गुहागरला आजोळी जाऊन आले.

आगरातला_फणस
शेवंतीताई, तुमच्या सामानात मी मावतो का बघा.

नागपुरी_ठेचा
जरा विरोधी सूर. सगळीकडे डबल्सचं कौतुक दिसतं. दोन तळलेल्या पुऱ्या आणि मध्ये चणे. १९३० च्या दशकात सुरू झालेलं रस्त्यावरचं खाणं. याला पारंपरिक कसं म्हणायचं? धाग्याचा विषय पारंपरिक जेवण आहे.

तिखटजाळ
वडापाव साठच्या दशकातला. त्याला मुंबईचा म्हणायचं नाही का?

क्वीन्सकर
तिखटजाळ +१.
डबल्सची हकिकत ऐकण्यासारखी आहे. प्रिन्सेस टाउनजवळ एमामूल दीन यांनी १९३६ मध्ये मसाला चणे विकायला सुरुवात केली. मग एका 'बारा'वर चणे ठेवून द्यायला लागले. बारा म्हणजे आपला वडाच, शब्द तोच, वस्तू मात्र पातळ, मऊ, पिवळी पुरी. गिऱ्हाईकं म्हणायला लागली, बारा डबल करा. नाव पडलं डबल्स. सायकलवर पेटी बांधून विकायचे. आज मंत्री आणि मजूर एकाच गाडीपाशी सकाळी उभे असतात, हातात कागद, कोपर बाहेर काढून पुढे वाकून, कारण चणे ओघळतात. मुसलमान कुटुंबाने भोजपुरी नावाने सुरू केलेली आणि सगळ्या देशाने नाश्ता म्हणून घेतलेली गोष्ट. ऐंशी-नव्वद वर्षांत चार पिढ्या होतात. परंपरेला आणखी काय लागतं?

नागपुरी_ठेचा
बरं, मान्य. चार पिढ्यांचा मुद्दा पटला.

मोका_मॉरिशस
मी मॉरिशसचा मराठी. आमचे पूर्वज मुंबई बंदरातून आले, रत्नागिरीकडचे. इथेही डाळपुरी आहे आणि इथेही ती सगळ्या देशाची झाली आहे. आमची 'धोल पुरी' अगदी पातळ, नेहमी जोडीने मिळते, आत मोठ्या वालाची करी, टोमॅटोचा रुगाय (रस्सा) आणि कोथिंबिरीची चटणी. त्रिनिदादची जाड आणि मोठी, मी लंडनमध्ये खाल्ली आहे. दोन बेटांचा एकमेकांशी संबंध नव्हता, दोन्हीकडे ऊस होता आणि दोन्हीकडे भोजपुरी माणसं होती.

हरिहरजी, आमच्या घरी गणपतीला मोदक होतात. पण नारळाच्या जोडीला काय घालायचं ते प्रत्येक घर आपलं ठरवतं. कुणी मला म्हणालं की हे 'खरं' महाराष्ट्रीय नाही, तर वाईट वाटतं. कुणी म्हणालं की हे फक्त महाराष्ट्राचं आहे, मॉरिशसचं नाही, तरीही वाईट वाटतं. कारण ते माझ्या आईचं आहे, आणि ती मॉरिशसची.

हरिहर_पेठ
मोका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'आपलं' म्हणताना मी प्रेमाने म्हणत होतो, पण त्यात त्यांच्या हातून काढून घेतल्यासारखं होतं हे ध्यानात आलं नव्हतं. आभार.

बंडू_चाळकरी
अवांतर: त्रिनिदाद म्हटलं आणि १९७१ कुणीच काढलं नाही? पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल. वाडेकर कर्णधार, सरदेसाईंचं शतक, गावसकरांचं पदार्पण, ६५ आणि नाबाद ६७. वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय. वडील रात्री ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन झोपायचे.

दर्यावर्दी
अवांतर नाहीच हे! ओव्हलवर सामना बघायला जाताना लोक पेलावचं पातेलं घेऊन जातात. पेलाव म्हणजे जळक्या साखरेत रंगवलेली कोंबडी, नारळाचं दूध, तांदूळ आणि ओल्या तुरीचे दाणे, सगळं एकाच भांड्यात. होय, तूर! तिथे 'पिजन पीज' म्हणतात, डिसेंबरपासून पुढे शेंगांचा हंगाम. घरातली मंडळी ओसरीवर बसून शेंगा सोलताना दिसली की मला संक्रांतीचे दिवस आठवायचे. सोबत कोबी-गाजराची कोशिंबीर आणि पिकलेला आव्होकाडो.

रसिका_क
तुरीचे सोले घातलेला भात! विदर्भात सोलेभात करतात, तो साखर न जाळता. पण हे नक्की करून बघणार, पनीर घालून.

अन्नपूर्णा_स
नाताळबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. डिसेंबरभर तिथे 'परांग' गाणारे दारोदार फिरतात, स्पॅनिशमध्ये. त्यांच्यासाठी पास्तेल तयार ठेवतात: मक्याच्या पिठाची पारी, आत खिमा, ऑलिव्ह, बेदाणे, केळीच्या पानात बांधून उकडलेली. गोड भाऊ 'पेमी', त्यात मक्याचं पीठ, नारळ, भोपळा, तोही केळीच्या पानात. पातोळ्या करणाऱ्यांनी वास घेऊनच ओळखावं. ब्लॅक केकची फळं महिनोन्महिने रममध्ये मुरत असतात.

आणि 'सोरेल'. लालभडक सरबत, आलं-लवंग-दालचिनी घालून. शेवंतीताई, तुम्हाला आश्चर्य वाटेल, ती लाल अंबाडीची बोंडं! आपण पाल्याची भाजी करतो, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. त्यांनी बोंडाचं मांसल लाल आवरण घेतलं. जाऊबाईंना मी अंबाडीची भाजी खायला घातली तेव्हा त्या ताटाकडे बघत राहिल्या. "आम्ही पानं टाकून देत होतो," म्हणाल्या.

रसिका_क
शनिवारी पुण्यात डबल्स करून पाहिले, अहवाल देते. पहिला घाणा लाटून केला, टम्म फुगला आणि कडक झाला, भटुरे झाले. मग क्वीन्सकरांना विपू (विचारपूस) केली. त्यांनी सांगितलं, लाटायचं नाही. मैदा, हळद, जिरेपूड, यीस्ट, पीठ इतकं सैल की हाताला चिकटावं. तासभर फुगू द्यायचं, तेलाच्या बोटांनी ताटलीवर थापायचं आणि गरम तेलात मोजून काही सेकंद, रंग येऊ न देता. निघाले की फडक्यात एकावर एक रचून झाकायचे, वाफेने मऊ होतात. हा झाकण्याचा भागच महत्त्वाचा. चणे सोडा घालून पार मऊ शिजवले, थोडे रवीने मोडले. बनधनिया कुठून आणू, कोथिंबिरीवर भागवलं. काकडीची कोचलेली चटणी, चिंच. मुलाने सहा खाल्ले. सासूबाई म्हणाल्या, "याला वडा म्हणतात होय?" पण दुसरा मागून घेतला.

नागपुरी_ठेचा
फोटो?

रसिका_क
उरले असते तर काढला असता.

दर्यावर्दी
शेवंतीताईंचा पहिला प्रश्न आपण विसरलोच. शाकाहाराचं बोलतो.

त्रिनिदादमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. डबल्स, साहिना, फुलौरी, आलू पाय, बटाटा-चण्याची रोटी, भोपळ्याची तलकारी (भाजी) सगळीकडे. बरेच हिंदू पूजेआधी मांस सोडतात, त्यामुळे "मी उपास धरलाय" म्हटलं की दुकानदाराला समजतं. पण चार ठिकाणी विचारा. कॅलालूत खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी असते. लाल घेवड्यातही कधी ती टाकतात. मक्याच्या सूपचं तेच. आणि रोटीच्या दुकानात तुमची भाजी मटणाच्या डावाने वाढत नाहीत ना ते बघा, हसून सांगितलं तर ते लगेच डाव बदलतात. माराकासच्या किनाऱ्यावर 'बेक अँड शार्क'साठी गर्दी असते, तुम्ही नुसता 'बेक' म्हणजे ती तळलेली फुगीर पाव-पुरी घ्या आणि वर अननस, चिंच, लसणाची चटणी स्वतः घाला. टोबॅगोला खेकड्याची करी तुमच्या कामाची नाही, पण ऑक्टोबरात तिथे अळकुड्यांचा उत्सव असतो, 'ब्लू फूड'. तिथलं दशीन शिजल्यावर निळसर होतं म्हणून ते नाव. तिथे तुम्हाला भरपूर मिळेल.

आणि लग्नाचं आमंत्रण आलं तर काही झालं तरी जा.

शेवंती
मंडळी, शग्वानासहून लिहिते आहे. येऊन पाच आठवडे झाले. तुमच्या प्रत्येक प्रतिसादाचा उपयोग झाला, "स्लाइट"चा सर्वांत जास्त.

परवा लग्नाचं जेवण झालं. शेजारच्यांच्या भाचीचं लग्न, त्यांनी आम्हालाही बोलावलं. शनिवारी रात्रीच गेलो, कारण स्वयंपाकाची रात्र हाच इथे अर्धा सोहळा. मागच्या अंगणात मोठमोठ्या कढया लाकडांवर, बाया पन्नासेक जणींना पुरेल असा भोपळा चिरत बसलेल्या, पुरुष कढई ढवळत, कुणीतरी ढोलकी आणलेली. मला एक सुरी दिली आणि बोडीच्या शेंगांचा ढीग पुढे सरकवला. कुणी विचारलं नाही मी कोण, कुठली.

रविवारी पंगत. सोहारीच्या पानावर, हळदीच्या पानासारखं पण हातभर लांब आणि रुंद. भात, डाळ, बस अप शट, चणे-बटाटा, भोपळा, कटहर, दशीनची भाजी आणि कैरीची करी. कैरी कोयीसकट तोडलेली, गुळचट-आंबट, भाजलेल्या मसाल्याने काळसर. आपल्या मेथांब्याच्या जवळ जाते पण त्यात मेथी-मोहरीचा खमंगपणा जास्त. मी दोनदा घेतली. माझ्या डाव्या हाताला नवऱ्यामुलाचे चिनी वंशाचे मित्र, समोर आफ्रिकी वंशाच्या शिक्षिका, सगळे हातानेच जेवत होते. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या पंगतीत मिळालं. मला कुठेही बिहारमध्ये असल्यासारखं वाटलं नाही. घरी असल्यासारखं वाटलं, आणि ते घर त्यांचं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही कुणीच सांगितली नव्हती. भाजी निवडताना मागून एक मुलगा ओरडला, "आजी!" मी चमकून मागे पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना हाक होती.

दर्यावर्दी
राहूनच गेलं! वडिलांची आई ती आजी, वडिलांचे वडील आजा. आईकडची नानी. भोजपुरीतून गेलेलं. सान फर्नांडोला मीही असाच चमकलो होतो.

पाटावरवंटा
वाचनखूण साठवली. मराठीची आजी आणि भोजपुरीची आजी, दोघींचं मूळ संस्कृतातल्या आर्यिकेपर्यंत नेतात. पण त्याचा वेगळा धागा काढू.

आगरातला_फणस
साहिना खाल्लंत का ते आधी सांगा!

शेवंती
खाल्लं, डेबेला जाऊन. चिरलेल्या पानांचं होतं. गुंडाळीचं शेजारच्या आजी करतात असं कळलं. मी त्यांना अळूवडीबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, तू कर, मी बघते, मग मी करते, तू बघ. येत्या रविवारी ठरलंय. त्यांच्या परसातलीच पानं आहेत, देठ काळसर नाही, हिरवट आहे, म्हणून खाजेची थोडी धाकधूक आहे. चिंच आणि गूळ मी नेणार. गूळ इथल्या दुकानात शोधून ठेवला आहे. अन्नपूर्णाताई, वाफवायला किती वेळ ठेवू, इथली पानं आपल्यापेक्षा जाड आहेत?

अन्नपूर्णा_स
पंचवीस मिनिटं, आणि सुरी टोचून बघ. चिंच थोडी वाढव. सारण पातळ नको, नाहीतर गुंडाळी सुटेल. आणि आजींना सांग, उरलेली देठं टाकू नका, त्यांचं देठीभरीत कसं करायचं ते मी लिहून पाठवते.